तुरळक ठिकाणी

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आजपासून साप्ताहिक अंदाज माझ्याकडे. साहेबांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शरद ऋतू म्हणजे सोपा पेपर. यात कुणी नापास होत नाही." निवृत्तीला आलेल्या माणसाला सगळेच पेपर सोपे वाटतात. मी मात्र सकाळपासून तीनदा पाणी प्यायले. इतकी वर्षं या हवामान कार्यालयात दुसऱ्यांच्या सहीसाठी आकडे जुळवत बसले, आता माझं लिहिलेलं रेडिओवर वाचून दाखवणार. त्या आनंदात ही दैनंदिनी सुरू केली आहे. हे म्हणाले, "किती दिवस चालेल? तुझ्या सकाळच्या व्यायामाइतकी?" नवऱ्यांना अंदाज वर्तवायला उपग्रह लागत नाही.

आमच्या भाषेत पावसाच्या चार पायऱ्या आहेत. तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, सर्वदूर. पाऊस किती पडेल ते या शब्दांतून कळत नाही, किती जागी पडेल ते कळतं. तुरळक ठिकाणी म्हणजे मोजक्या जागी. त्या जागी आभाळ फाटलं तरी शब्द तुरळकच. लोकांना हे माहीत नसतं आणि आम्हीही कधी सांगायला जात नाही.

पहिलाच अंदाज, अंगाशी यायला नको, म्हणून मी 'बऱ्याच ठिकाणी पाऊस' लिहून टाकलं.

दुपारी दादाचा फोन. माझा थोरला भाऊ. सगळं गाव त्याला पेंटर म्हणतं. इथल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या, आणि 'येथे गाडी लावू नये' तर बहुतेक सगळ्याच.

"वेधशाळा, भिंत मिळाली!" तो मला याच नावाने हाक मारतो.

"कसली भिंत?"

"बाजाराची मागची. काय वाट्टेल ते काढा म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द लिहिले गं, एकदा माझं चित्र काढतो. आता छापील नको सांगूस, घरचं सांग. हा आठवडा कोरडा आहे का?"

मी सांगितलं, आमच्याकडे घरचं आणि छापील असं वेगळं नसतं. नातेवाइकांना खासगी अंदाज द्यायचा नाही हा साहेबांचा नियम आहे, आणि मला तो नियम सांगायला आवडतो हेही खरं.

"मग थांबतो. डिंकातले पावडरचे रंग आहेत. सगळं सुकून वरून पाणी अडवणारा शेवटचा हात मारेपर्यंत पाऊस लागता कामा नये."

"ऑइलपेंट घे की."

"चकाकतो. लोकांनी चित्र बघायचं की भांग पाडायचा? बरं, मी सकाळीच काम करणार आहे. सकाळचं तेवढं सांगत जा."

म्हातारपणी एकेकाचे लाड. मी म्हटलं, सकाळचा वेगळा रतीब आम्ही घालत नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

लख्ख ऊन. दृष्ट लागली माझ्या अंदाजाला.

सोमवार, ७ ऑक्टोबर

अजून ऊनच. संध्याकाळी दादा आणि वहिनी आले. दादा बाहेरूनच ओरडला, "छत्री कुठे ठेवू? भिजलीय!" वहिनी नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

मी चहा दिला तर दादा म्हणाला, "अर्धाच दे." चहा अर्धा घेणारा हा माणूस नव्हे. याने उभ्या आयुष्यात चहाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. कप दोन्ही हातांनी धरला आणि परत ठेवताना तो बशीवर चांगलाच खडखडला. वहिनींनी पटकन हात पुढे केला. यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. हल्ली संध्याकाळी घेतो की काय? पाटीवाल्यांच्या संगतीत ते काही नवं नाही. बाबांनी आयुष्यात थेंब शिवला नाही, आणि या वयात याने सुरू करावं?

निघताना दारात विचारलंन, "कोरड्या आठवड्यात ढग कसे असतात गं?"

"छोटे. खालून सपाट, वरून फुगीर. एकमेकांपासून लांब लांब. त्यांच्यातून पाऊस पडत नाही."

"असे?" त्याने बोट उचललं, हवेत एक काढला, आणि हात लगेच खिशात घातला.

वहिनी त्याच्या कोटाची बटणं लावत होत्या. मी चेष्टा केली, "काय वहिनी, नवा संसार वाटतं?" त्या म्हणाल्या, "हो ना." आणि शेवटचं बटण लावलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

रेडिओवरच्या निवेदिकेने अंदाजानंतर स्वतःचं शेपूट जोडलं, "छत्रीवाले हवामान कार्यालयाचे आभारी आहेत." सबंध कार्यालयात ते ऐकलं गेलं. साहेब नुसते खिडकीतून निळ्या आभाळाकडे बघत राहिले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

दादाचा सगळा आठवडा माझ्या शब्दावर फुकट गेला. मी फोन करून सॉरी म्हटलं तर म्हणाला, "जाऊ दे. या आठवड्यात हात छान चालत होता, एवढंच." पेंटर लोकांचे मूड असतात. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात चालेल.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दुसरा अंदाज गेला. 'आठवडाभर हवा मुख्यतः कोरडी. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोराच्या सरी.' त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली होती. 'उघड्यावर रंगकाम किंवा छपराची दुरुस्ती करणाऱ्यांनी झाकण्याची सोय हाताशी ठेवावी.' खरं सांगायचं तर ती ओळ दादासाठीच होती. पुन्हा वाचली आणि कालची निवेदिका कानात हसायला लागली. तोंड दुधाने पोळलं होतं, ताक फुंकत बसण्यापेक्षा मी पेलाच बाजूला सारला. ओळ खोडली. अंदाज छान आटोपशीर दिसायला लागला.

तो रेडिओवर वाचला न वाचला तोच दादाचा फोन. साहेब माझ्या टेबलापाशीच उभे होते.

"तुरळक म्हणजे चार थेंब ना गं?"

"बुलेटिनमध्ये आहे तेच."

"झालं तर! चार थेंबांना कोण भितो? उद्यापासूनच चढतो. पहिल्यांदा माणसासारखं काहीतरी सांगितलंस, वेधशाळा."

मला हसू आलं. साहेब बघत होते म्हणून मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. तुरळकचा अर्थ नंतर समजावून सांगेन. दादाला समजावायचं म्हणजे एक चहा तरी लागतो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सुट्टी म्हणून सकाळी भिंत बघायला गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत भाज्यांच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या, त्यांच्यामध्ये बांबूची परांची बांधलेली आणि वर दादा. खाली वहिनी शिडी धरून उभ्या. मी म्हटलं, "शिडी कोण पळवून नेणार आहे?" त्या म्हणाल्या, "सवय झालीय."

चित्र मात्र बघतच राहावं असं. पत्र्याच्या वळचणीखालपासून सुरुवात केली होती, वरून खाली. सगळं आभाळ झालं होतं आणि त्यात मी सांगितले तसे ढग, खालून सपाट, लांब लांब. त्याखाली आमचं गाव टेकडीवरून दिसतं तसं उतरत होतं. छपरं, गच्च्या, एका गच्चीवर वाळत घातलेली चादर. आमचं जुनं घर मी लगेच ओळखलं. दादा त्यातली खिडकी काढत होता. डाव्या हातात काठी आडवी धरली होती आणि उजवं मनगट तिच्यावर टेकवलं होतं. मला नवल वाटलं. हाच म्हणायचा, काठी लागते तो पेंटर नव्हे, गुराखी. आता म्हातारपणी एवढी नजाकत! एक चौकट काढायला त्याला इतका वेळ लागला की माझी मान दुखायला लागली. जेवणाची वेळ व्हायच्या आतच तो उतरला. "आजचा हात संपला," म्हणाला. मंगळवारी सकाळी चित्र पुरं करणार, दोन दिवस सुकू देणार आणि मग शेवटचा हात.

"ताडपत्री नाही का रे आणली?" मी विचारलं.

"घरी आहे. चार थेंबांसाठी कोण वाहून आणणार?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण वहिनींनी मला बाजूला घेतलं. "वन्सं, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्यांच्या हाताचं..."

मी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. म्हटलं, "वहिनी, मला सगळं कळलंय. कप वाजला तेव्हाच कळलं. त्याला म्हणावं बाटली बंद कर, वय झालंय."

त्या एकदम हसल्या, विचित्रच, आणि म्हणाल्या, "बरं, सांगते." परत जाऊन त्यांनी शिडी धरली. लाज वाटली असणार. मीही जरा फटकळपणाच केला, पण घरातल्यांनी नाही बोलायचं तर कुणी?

सोमवार, १४ ऑक्टोबर

दक्षिणेकडून ओलसर वारा सरकतो आहे. उद्या दुपारनंतर कुठेतरी ढग उभे राहतील आणि जिथे उभे राहतील तिथे दणकून पाडतील. कुठे, ते नकाशावर दिसत नाही. सबंध विभागात दोन-चार जागा. म्हणजे तुरळकच. अंदाज बदलायचं कारण नाही.

दादाला फोन करावा का? दुपारभर हेच डोक्यात होतं. ताडपत्री आणून ठेव, एवढं एकच वाक्य. पण मागच्या वेळी मी थांब म्हटलं आणि त्याचा आठवडा गेला. पुन्हा थांब म्हणून पुन्हा ऊन पडलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. शिवाय शनिवारच्या बोलण्यानंतर वहिनींनी उचलला तर काय बोलू? नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. दोन-चार जागांतली एक बाजारच असेल, असं कुठे आहे?

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आमच्या खिडकीत दिवसभर ऊन. चार वाजता आकडे आले तसे साहेब स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. "पुस्तकात छापावा असा तुरळक! सगळे पर्जन्यमापक कोरडे ठणठणीत आणि एकाच ठिकाणी धो धो. तुम्ही लिहिलं होतं तस्सं." त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. मी तो प्यायले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी चहा मागवला होता, तो छानच लागला.

मग विचारलं, "मापक कुठला?"

बाजाराचा.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सकाळीच गेले. गल्लीत निळं, तांबडं, हिरवं पाणी साचलं होतं आणि वहिनी खराट्याने ते गटाराकडे लोटत होत्या. "लोकांचे पाय घसरतील," म्हणाल्या. भिंतीवर गाव नव्हतं. ओघळच ओघळ, आणि त्यामागे मळकट चुना. आमच्या घराची खिडकी कुठे होती तेही सापडलं नाही. फक्त वळचणीच्या आडोशाला वरचा पट्टा कोरडा राहिला होता. पाऊस सगळं घेऊन गेला आणि माझे ते न बरसणारे ढग तेवढे जागच्या जागी ठेवून गेला.

"दादा?"

"घरी आहेत. झोपले नाहीत, पडून आहेत." वहिनी खराटा टेकवून उभ्या राहिल्या. "वन्सं, ते पीत नाहीत हो."

मग सगळं सांगितलं. मागच्या हिवाळ्यापासून हात कापतो. सकाळची गोळी घेतली की जेवणापर्यंत ऐकतो, मग नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढे पुढे गोळीलाही दाद देणार नाही. म्हणून ही भिंत एवढ्या घाईने मागून घेतली. म्हणून सकाळी. म्हणून काठी. म्हणून अर्धा चहा.

"मला का नाही सांगितलंत?"

"मी सांगणार होते. हे म्हणायचे, तिला नको सांगू, ती पुढच्या आठवड्याचा अंदाज सांगत बसेल." एवढं बोलून त्यांनाच वाईट वाटलं. "गमतीने म्हणायचे."

ताडपत्रीबद्दल मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. "काल सकाळी मी म्हटलं, नेऊन ठेवू या. तर म्हणाले, वेधशाळेने तुरळक सांगितलंय, तिच्यावर कधीतरी विश्वास ठेव."

मी खराटा मागितला. त्यांनी दिला नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

अंदाज: आठवडाभर हवा संपूर्ण कोरडी, आकाश निरभ्र.

संध्याकाळी दादाकडे गेले. सकाळी गोळी घेऊन तो परांचीवर चढला होता, पुन्हा सुरुवात करायला. एका छपराची रेघ काढली, ती जायची तिथे गेली नाही. दुसरी काढली. मग उतरला. हे वहिनींनी स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं.

मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. खोडलेली ओळ, वाजायच्या आत ठेवून दिलेला फोन, तुरळकचा खरा अर्थ. रडलेही. त्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे. थोड्या जागी."

"हो."

"आणि त्यातली एक जागा मी." त्याने मान हलवली. "म्हणजे तू बरोबरच होतीस की."

तो चिडला असता, तर मी घरी जाऊन निदान जेवले असते.

रविवार, २० ऑक्टोबर

बाजाराचे व्यवस्थापक भिंतीला पुन्हा चुना मारायला निघाले होते. दादाने त्यांना अडवलं. फोन करून मलाही बोलावलंन. हे म्हणाले, "मी येऊ?" मी नको म्हटलं.

ओघळ धुऊन काढले होते. वर आभाळ आणि ढग, खाली नुसती पांढरी भिंत.

"राहू दे असंच," दादा व्यवस्थापकांना म्हणाला. "गावावर धुकं उतरलंय. विचारा हिला. सरकारी माणूस आहे."

व्यवस्थापकांनी खरंच माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शरदात सकाळी पडतं असं धुकं. खाली गाव असतं, दिसत नाही." त्यांनी दोन पावलं मागे जाऊन भिंतीकडे बघितलं, म्हणाले, "बरं दिसतंय खरं," आणि चुनेवाल्याला परत पाठवलं.

"सही राहिलीय," दादा म्हणाला. काठी घरी विसरला होता, किंवा आणली नव्हती. "हात आडवा धर."

मी भिंतीशी गुडघे टेकून बसले आणि हात आडवा धरला. त्याने मनगट माझ्या हातावर ठेवलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं ते किती कापतं. माझा हातही त्याच्याबरोबर कापायला लागला. मी जितका घट्ट धरावा तितका जास्त. त्याने कोपऱ्यात बारीक 'पेंटर' लिहिलं. 'ट'चा वळसा वाहत गेला, 'र' सरळ आला. दोघांनाही तो बरा वाटला.

वहिनींनी वरून शेवटचा हात मारला. त्यांनी ब्रश कधी हातात धरला नव्हता, पण डबा पुरा वापरला.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

मागचा आठवडा कोरडा ठणठणीत गेला. अंदाज तंतोतंत खरा ठरला, फक्त आता तो कुणाला नको होता.

आजच्या अंदाजाखाली मी तीन ओळी जोडल्या. तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे, थोड्या जागी पाऊस. तो आपल्या जागी जोराचाही असू शकतो. उघड्यावरची कामं झाकण्याची सोय ठेवावी. साहेबांनी चष्मा वर केला. "हे आत्ता कशाला? पुढचे आठ दिवस ढगाचा ठिपका नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे. वरातीमागून घोडं आहे. जाऊ द्या तसंच." त्यांनी सही केली.

घरी येऊन दादाला फोन लावला.

"दादा, उद्या सकाळी कोरडं आहे."

"छापील की घरचं?"

"घरचं."

"मग छत्री घेऊनच निघतो," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. मग तो वहिनींविषयी, पाट्यांविषयी, कुणाकुणाविषयी काहीबाही सांगत राहिला. त्याच्या मागे कप बशीवर वाजत होता. फोन ठेवेपर्यंत मी तेवढंच ऐकत होते.